चित्रांची चावडी आणि दिव्याचे तेल

वाचकहो, गावच्या देवळात तिन्हीसांजेला जो दिवा लागतो, त्याच्या तेलाचा हिशेब तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कोठे दिवाबत्तीसाठी जुनी इनाम जमीन असते, कोठे घरटी वर्गणी असते, तर कोठे पेठेतला एखादा सधन व्यापारी दर महिन्याला तेलाचा डबा पोचवतो. देऊळ सर्वांचे असते. पण तेल ज्याचे, त्याचे नाव पहिल्या वर्षी कमानीवर येते, दुसऱ्या वर्षी भिंतीवर येते, आणि मग एखाद्या साली उत्सवाच्या पत्रिकेत ते देवाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापलेले दिसते. यात कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही. तेल तर लागतेच!

आज सांगायची हकीकत देवळाची नाही, इंटरनेटवरच्या एका चावडीची आहे. या चावडीवर लोक आपापले फोटो आणून मांडतात, दुसऱ्यांचे पाहतात, चार शब्द बोलतात. तुमच्या घरातली तरुण मुले मोबाईलवर बोटाने फोटो सरकवताना तुम्ही पाहिली असतील. दोनचार फोटो सरकले की मध्येच साबणाची, नाहीतर कर्जाची जाहिरात येते, आणि ती इतकी सरावाची झाली आहे की मुले तिकडे पाहतही नाहीत. पण ही जाहिरात तेथे पहिल्यापासून नव्हती. ती कशी आली, कोणी येऊ दिली आणि ती आल्यावर चावडीचे काय झाले, हा उण्यापुऱ्या वीस वर्षांचा इतिहास आहे.

तसे पाहिले तर फोटोवेड्यांची मंडळे फार जुनी. आपल्या मुंबईतच १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक. त्या काळी काचेच्या जड पट्ट्या, औषधी पाण्याचे वास आणि काळी पडलेली बोटे असा सगळा कारभार होता. तरी आपण काढलेले चित्र दुसऱ्याला दाखवावे, त्याने ‘वा!’ म्हणावे, किंवा ‘उजेड कमी पडला’ म्हणून चूक दाखवावी, ही हौस आजच्यासारखीच होती. फोटो काढणे हे काम एकट्याचे असले, तरी पाहणारा मिळाल्याशिवाय त्याला पूर्णता येत नाही.

ही हौस इंटरनेटवर ज्या ठिकाणी पहिल्यांदा नांदती झाली, त्यांतले सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे फ्लिकर. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात स्ट्युअर्ट बटरफील्ड, कॅटरिना फेक आणि त्यांच्या सोबत्यांनी २००२ साली ‘लुडिकॉर्प’ नावाची एक छोटी कंपनी काढली होती. त्यांना करायचा होता खेळ. पुष्कळांनी मिळून संगणकावर खेळायचा, न संपणारा. तो खेळ काही चालला नाही. पण त्यासाठी केलेल्या साधनांतून एक निराळीच वस्तू हाती लागली. गप्पा मारता मारता एकमेकांना फोटो दाखवता येतील अशी ती सोय होती. फेब्रुवारी २००४ मध्ये तीच फ्लिकर या नावाने लोकांपुढे आली. पेरली ज्वारी आणि उगवला हरभरा, असे झाले म्हणा. पण पीक चांगले आले.

आता तुम्ही म्हणाल, फोटो ठेवायला जागा दिली, त्यात एवढे काय? जागा देणारे दुसरेही होते. पण ते बहुतेक फोटोंच्या प्रती छापून विकणारे दुकानदार होते. तुमचा फोटो तुमच्या पेटीत, कुलूप लावून. फ्लिकरने पेटी उघडी ठेवली. आपण ठेवलेला फोटो, आपण हरकत घेतली नाही तर, साऱ्या जगाला दिसे. त्याला खुणेचे शब्द लावता येत: ‘पाऊस’, ‘बैल’, ‘आजी’. मग पाऊस या शब्दावर बोट ठेवले की जगभरच्या अनोळखी माणसांनी टिपलेला पाऊस समोर यायचा. फोटोवरच चौकट आखून ‘हा खांबामागचा कुत्रा पाहा’ अशी टीप लिहिता येई. आणि लोकांनी आपले आपण गट काढले. एक गट तर असा होता की गोल वस्तूचा फोटो चौरसात बसवून तेवढाच तेथे आणायचा. ताट, चाक, झाकण, चंद्र, काहीही. पण गोल आणि चौकटीत. कामधंदा नसलेल्या माणसांचा उद्योग वाटतो ना? पण हजारो माणसे त्यात रमली, कारण दुसऱ्याने आणलेले चाक पाहून आपल्याला आपल्या अंगणातले जाते आठवते.

या गटांचे कारभारी पगारी नोकर नव्हते. सभासदांपैकीच कोणीतरी हौसेने ते काम करी. आणि आरंभीच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवा माणूस आला की कॅटरिना फेक आणि त्यांच्या सहकारी जॉर्ज ओट्स (नाव पुरुषी असले तरी या बाई आहेत, बरं का) स्वतः त्याचे स्वागत करीत, त्याचा फोटो पाहून दोन शब्द लिहीत, त्याची दुसऱ्यांशी ओळख करून देत. लग्नघरी दारात उभे राहून ‘या, या’ म्हणणारे कोणी असले की पाहुणा बुजत नाही, तशातला हा प्रकार. पुढे जी लाखो माणसांची वस्ती झाली, तिची रीतभात या स्वागतातून पडली.

मग तेल कोणाचे? सुरुवातीला उत्तर अर्धे स्वच्छ होते. ज्याला हवे त्याने वर्षाला पैसे भरावेत आणि पुरी जागा घ्यावी. याला ते ‘प्रो’ खाते म्हणत. पुढे कित्येक वर्षे त्याचा दर वर्षाला २४.९५ डॉलर होता. पैसे न भरणाऱ्यालाही मज्जाव नव्हता. मात्र त्याचे शेवटचे २०० फोटोच दिसत, आणि त्याच्या पानावर जाहिराती येत. वर्गणी भरणाऱ्याला जाहिरात दिसत नसे. म्हणजे वर्गणीदाराचे तेल आणि व्यापाऱ्याचे तेल अशा दोन पणत्या एकाच देवळात जळत होत्या. मार्च २००५ मध्ये याहू या मोठ्या कंपनीने फ्लिकर विकत घेतले आणि दोन्ही पणत्या नव्या मालकाच्या हाती गेल्या.

याहूने लगेच मोडतोड केली असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल. पैसा आला, यंत्रे वाढली. पण २००७ च्या आरंभी जुन्या सभासदांना हुकूम आला की ठराविक तारखेच्या आत आपले खाते याहूच्या नावाने करून घ्या, नाहीतर आत येता येणार नाही. जुनी मंडळी खवळली. आपणच लिंपून सारवून उभी केलेली ओसरी, आणि आता आत यायला परक्याची चिठ्ठी लागणार! हुकूम काही मागे घेतला गेला नाही.

त्याच वर्षी एक प्रकरण घडले. शिक्षक मंडळींनी ते मुद्दाम ध्यानात घ्यावे, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो इंटरनेटवर चढवण्याचे काम बहुधा त्यांच्याच गळ्यात पडते. फ्लिकरवर २००४ पासून एक सोय होती. फोटो काढणारा आधीच लिहून ठेवू शकत असे की, ‘माझा फोटो कोणीही वापरावा, धंद्यासाठी वापरला तरी चालेल, फक्त माझे नाव द्यावे.’ या परवान्याला क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणतात. हेतू उदार होता. विद्या द्यावी तसे चित्र द्यावे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका शाळकरी मुलीचा हसरा फोटो तिच्या ओळखीच्या एका माणसाने काढला आणि अशा परवान्याखाली फ्लिकरवर ठेवला. ऑस्ट्रेलियात व्हर्जिन मोबाईल या कंपनीला जाहिरातीसाठी चेहरे हवे होते. त्यांनी फ्लिकरवरून पुष्कळ फोटो उचलले, त्यांत हाही होता. मुलीची थट्टा होईल असा मजकूर छापून तो फलक रस्त्यावर लावला गेला. तिला विचारले नाही, तिच्या आईबापांना विचारले नाही.

आणि हे तिला कळले कसे? ॲडलेड शहरातल्या एका बसथांब्यावर कोणा फोटोवेड्याने तो फलक पाहिला, फलकाचाच फोटो काढला आणि सवयीप्रमाणे फ्लिकरवर ठेवला. तो फिरत फिरत त्या मुलीपर्यंत गेला. फोटो चावडीवरून बाजारात गेला होता. चावडीनेच तो ओळखून घरी आणला. घरच्यांनी दावा केला, पण ऑस्ट्रेलियातल्या कंपनीवर टेक्सासमधल्या न्यायालयाचा अधिकार चालत नाही, या मुद्द्यावर २००९ साली तो निकालात निघाला. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे की परवाना देणारा होता फोटो काढणारा. ज्याचा चेहरा, त्याची संमती ही वेगळी गोष्ट आहे, आणि मूल अजाण असेल तर ती त्याच्या पालकांची.

पण चावडीची सारी कहाणी तक्रारीची नाही. १६ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, आपल्या संग्रहातले तीन हजारांहून अधिक जुने फोटो फ्लिकरवर ठेवले. या उपक्रमाला ‘द कॉमन्स’ म्हणतात. कॉमन्स म्हणजे आपले गायरानच. गावाच्या सामाईक मालकीचे. त्याची आखणी त्याच जॉर्ज ओट्स यांनी केली होती. काही फोटो १९३० आणि ४० च्या दशकांतल्या शेतकऱ्या-कामकऱ्यांचे रंगीत, तर काही १९१० च्या सुमाराचे, एका बातमीसंस्थेचे. या दुसऱ्या फोटोंच्या काचांवर घाईघाईने खरडलेली नावे अर्धवट होती, काही चुकीची होती. ग्रंथपालांनी लोकांना म्हटले, पाहा आणि काय ठाऊक असेल ते सांगा.

लोकांनी सांगितले की! कोणी जुनी वर्तमानपत्रे चाळून तारीख काढली, कोणी इमारतीच्या कमानीवरून गाव ओळखले, कोणी मोटारीच्या घडणीवरून साल पक्के केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ग्रंथालयाने ठेवलेले फोटो साडेचार हजारांवर गेले होते, त्यांवर ७,१६६ अभिप्राय आले होते आणि ६७,१७६ खुणेचे शब्द लावले गेले होते. ग्रंथालयाने ही माहिती तपासून घेतली आणि आपल्या सूचीतल्या ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या. हे काम पैसे देऊन करवायचे म्हटले असते तर किती माणसे आणि किती वर्षे लागली असती! पुष्कळांच्या डोळ्यांनी पाहिले म्हणून ते झाले. चावडीचे सामर्थ्य ते हेच. आणि त्याच वर्षी डिसेंबरात याहूने जी नोकरकपात केली, तीत जॉर्ज ओट्स यांची नोकरी गेली. दारात उभे राहून ‘या’ म्हणणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यात टाकायचा, हे मोठ्या कंपनीच्या कारकुनाला बहुधा कळत नाही.

इकडे दुसरी चावडी उभी राहिली होती. ६ ऑक्टोबर २०१० रोजी केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी इन्स्टाग्राम सुरू केले. हे सगळे मोबाईलवरच. काढा, रंग चढवा, दाखवा. तेथे वर्गणी नव्हती आणि जाहिरातही नव्हती. मग तेल कोणाचे? सावकाराचे. भांडवलदारांनी पैसा घातला होता आणि तो कधीतरी सव्याज परत यायचाच होता. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने हे ठिकाण सुमारे १ अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले तेव्हा सभासद होते सुमारे ३ कोटी आणि कामाला माणसे १३! तुम्हीच विचार करा, तेरा माणसांच्या कंपनीत एक अब्ज डॉलरचा माल तो कोणता होता? तो माल म्हणजे त्या ३ कोटी माणसांची रोजची नजर.

त्याच साली डिसेंबरात इन्स्टाग्रामने नवे नियम जाहीर केले. त्यांतल्या एका कलमाचा सरळ अर्थ असा निघत होता की एखाद्या धंदेवाल्याने पैसे दिले तर तुमचे नाव आणि फोटो जाहिरातीसोबत दाखवता येतील, आणि तुम्हाला त्याचा मोबदला मिळणार नाही. गदारोळ झाला. नॅशनल जिऑग्राफिकसारख्या नामांकित मासिकाने तेथे नवे फोटो ठेवणे काही काळ थांबवले. सिस्ट्रॉम यांनी दुसऱ्याच दिवशी खुलासा केला की फोटो विकण्याचा आमचा इरादा नाही, आणि दोन दिवसांनी जाहिरातीबाबतचा जुना मजकूर परत आणला. माघार घेतली ती शब्दांची. जाहिरात आली ती आलीच. १ नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत इन्स्टाग्रामवर पहिली जाहिरात झळकली, एका घड्याळाची. फोटो देखणा होता, पण खाली लोकांनी पुष्कळ राग काढला. २०१५ साली जाहिराती भारतातही आल्या.

योगायोग पाहा. आपल्या आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. जुन्या मंडळींना आठवत असेल, त्या काळी रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. परवान्याचे पैसेही श्रोत्याचेच आणि जाहिरातीतला साबण विकत घेणाराही श्रोताच. पण पोस्टात रांग लावून पैसे भरताना आपण काय देतो ते माणसाला दिसते. जाहिरातीच्या तेलात आपण काय घातले, ते दिसत नाही. आणि रेडिओवरची जाहिरात साऱ्या गावाला एकच ऐकू येई. येथे तुम्ही कोणता फोटो किती वेळ पाहिला, कोणाला दाद दिली, याची नोंद होते आणि ती पाहून जाहिरात निवडली जाते. २०१६ पासून तर इन्स्टाग्रामने फोटोंचा काळक्रमही सोडला. आधी ठेवलेला आधी आणि नंतर ठेवलेला नंतर हा साधा हिशेब गेला; तुम्ही जास्त वेळ थांबाल असा अंदाज ज्याच्याबद्दल असेल तो फोटो वर येऊ लागला. मामेबहिणीच्या बाळाचे बारसे तीन दिवसांनी दिसते, ते याच कारणाने.

तिकडे फ्लिकरनेही तीच वाट धरली होती. मे २०१३ मध्ये याहूने जाहीर केले की प्रत्येकाला १ टेराबाईट जागा फुकट. लाखो फोटो मावतील इतकी. नवी प्रो खाती बंद झाली. जाहिरात नको असेल तर वर्षाला ४९.९९ डॉलर भरा, असा नवा दर आला. म्हणजे पूर्वी माणूस जागेसाठी वर्गणी भरत होता, आता जाहिरात टाळण्यासाठी दंड भरू लागला. फुकट कोठार मिळाल्यावर पोती ठेवणारे पुष्कळ आले, चावडीवर बसणारे कमी. पुढच्या साली याहूने आणखी एक गोष्ट केली. ज्यांनी उदारपणे ‘धंद्यासाठीही वापरा’ असे लिहून ठेवले होते, त्यांच्या फोटोंच्या भिंतीवर लावायच्या तसबिरी करून ती विकू लागली. काढणाऱ्याला एक छदामही नाही. परवान्यात ते बसत होते, कायद्याने बोट दाखवायला जागा नव्हती. पण पाणपोईचे पाणी भरून नेऊन बाजारात विकावे, तसे लोकांना वाटले. डिसेंबर २०१४ मध्ये ती विक्री थांबवावी लागली. काही जणांनी तोवर आपले परवाने बदलून टाकले होते. म्हणजे पाणपोईच आटू लागली.

एप्रिल २०१८ मध्ये फ्लिकर पुन्हा विकले गेले. घेणारी स्मगमग ही कंपनी मॅकॅस्किल या पितापुत्रांनी २००२ साली काढलेली, आणि तिचा धंदा पहिल्यापासून वर्गणीवर चाललेला. १ नोव्हेंबर २०१८ रोजी (पुन्हा तीच तारीख!) त्यांनी सांगितले की फुकट खात्यात यापुढे १,००० फोटोच राहतील. कारणही उघड सांगितले. फुकट जागेच्या लोभाने आलेल्यांना चावडीशी कर्तव्य नसते. आणि जागा फुकट दिली की सभासदांची माहिती जाहिरातदारांना विकण्याचा मार्ग खुला होतो, मग जाहिरातदाराचे हित सभासदाच्या हिताच्या पुढे जाते. एखाद्या मालकाने हे इतके स्पष्ट बोलावे, याचे मला तरी कौतुक वाटले.

पण किंमत मोजावी लागलीच. हजाराच्या वरचे जुने फोटो २०१९ च्या आरंभी पुसून टाकले जातील अशी मुदत घालण्यात आली. ती पुढे मार्चपर्यंत वाढवली. मोकळ्या परवान्याचे फोटो मात्र वगळले, हे बरे केले. तरी ज्यांनी ‘कायमचे ठेवले’ म्हणून मुलांच्या बाळपणाचे फोटो तेथे ठेवले होते आणि घरी दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांची त्रेधा उडाली. आणि डिसेंबर २०१९ मध्ये डॉन मॅकॅस्किल यांनी सभासदांना पत्र लिहिले की हे ठिकाण अजून तोट्यात आहे, आणखी वर्गणीदार मिळाले तरच ते चालेल. तेलाचा डबा रिकामा होत आला म्हणून पुजाऱ्याने पारावर येऊन सांगावे, तसे ते पत्र होते.

इन्स्टाग्रामवर दरम्यान तिसराच प्रकार रूढ झाला होता. ज्याच्याभोवती पुष्कळ माणसे जमतात, तो सभासदच जाहिरातदार होऊ लागला. ओळखीचा, घरोब्याने बोलणारा माणूस म्हणतो, ‘मी हे तेल केसांना लावते’; ते त्याचे मत की त्याला मिळालेल्या पैशाचे, हे कसे ओळखावे? मुंबईत १९८५ साली स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या संस्थेने मे २०२१ मध्ये त्यासाठी नियम केले. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर ती जाहिरात आहे असे ठळक लिहावे, आणि ते इंग्रजीत किंवा ज्या भाषेत जाहिरात असेल त्या भाषेत असावे, असा तो नियम. तेव्हा वर्गात मुलांना असा एखादा फोटो दाखवा आणि त्यावर तो शब्द कोठे आहे ते शोधायला सांगा. चांगला धडा होईल.

कॉमन्सचे गायरान अजून शाबूत आहे. त्याची आणि फ्लिकरवरच्या कोट्यवधी फोटोंची पुढच्या शंभर वर्षांची सोय लावावी म्हणून २०२२ साली फ्लिकर फाउंडेशन ही वेगळी संस्था निघाली. तिच्या उभारणीत पुढाकार आहे तो जॉर्ज ओट्स यांचा, २००४ साली नव्या पाहुण्यांना ‘या’ म्हणणाऱ्या त्याच बाईंचा. शंभर वर्षांच्या तेलाचा हिशेब त्यांनी मांडायला घेतला आहे.